मागून नेसलेली साडी

इरा आणि निहार,

गेल्या आठवड्यात इराने मला एक फोटो पाठवला. काळसर रंगावर मोठाली केशरी फुलं असलेली नायलॉनची साडी आणि ती नेसून आरशासमोर उभी राहिलेली माझी नात. तिकडच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात मिळाली म्हणे. खाली तिने विचारलं होतं, "आजी, तुझ्या काळी सगळ्या हेच नेसायच्या का? हे परत आलंय." मी लिहिलं, हो. मग दिवसभर ते उत्तर मला टोचत राहिलं. ते खोटं नव्हतं, अपुरं होतं. अपुरं काम तसंच ठेवून झोपायची मला सवय नाही, हे तुमच्या बाबांना विचारा.

त्यात दिवसही नेमके तेच आले आहेत. दिवाळी झाली. हलका धान कापून झाला, उशिरा पिकणारा भारी अजून उभा आहे. पूर्वी कापणीच्या दिवसांत पहाटेपासून विळ्यांचा आणि बायकांच्या बोलण्याचा आवाज यायचा, आता हार्वेस्टर येतो आणि दुपारच्या जेवणाआधी बांध्या, धानाचे बांध घातलेले तुकडे, मोकळ्या करून जातो. काल रस्त्याने रिक्षा गेली, भोंगा लावलेली. कुठल्या गावची मंडई कधी, रात्री कुठलं नाटक, हे सांगत. मी ओसरीवर बसून ऐकलं. खरं सांगते, मला थकवा आला. गुडघ्यांचा थकवा वेगळा, त्याची गोळी असते. हा वस्तूंचा थकवा आहे. एकेक वस्तू घरात आलेली पाहिली, तिचं कौतुक पाहिलं, ती माळ्यावर गेलेली पाहिली, आणि आता तुम्ही म्हणता ती परत आली आहे. साडी परत आली असेल. तिच्याबरोबर जे होतं ते कोणत्याही दुकानात मिळायचं नाही. म्हणून हे लिहायला बसले. क्रमाने सांगायचा प्रयत्न करते.

मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे, हे आधी सांगायला हवं. आपल्या भंडाऱ्याकडे भाऊबीजेनंतर गावोगावी एकेका ठरलेल्या दिवशी मंडई भरते. वर्षभर चिखलात आणि उन्हात राबलेलं गाव त्या दिवशी न्हाऊन-धुऊन बाहेर पडतं. लेकी माहेरी येतात, जावई येतात, पाहुण्यांचे पाहुणे येतात. तलावातून काढलेले शिंगाडे उकडून टोपल्यांत मांडलेले असतात, त्यांचा मातकट गोड वास येतो. उसाच्या मोळ्या, जिलबी, बांगड्या, पिपाण्या. मुलामुलींची लग्नंही त्याच गर्दीत बघून ठरतात, कारण सगळे नातेवाईक आयतेच एका ठिकाणी असतात. आणि दुपारपासून मोकळ्या जागेवर दंडार चालते. ढोलकी, टाळ, गाणी, सोंगं, नवरा-बायकोची भांडणं. सगळी कामं पुरुषच करतात, बायकांचीसुद्धा.

मी नागपूरची. इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली, इस्त्रीच्या साड्या नेसणारी. तुमचे आजोबा जवाहरनगरच्या फॅक्टरीत कचेरीत होते, आम्ही तिथल्या क्वार्टरमध्ये राहायचो. पण दिवाळी ते धान घरात येईपर्यंत सिहोऱ्याजवळच्या आपल्या या गावी यायचं, हा सासूबाईंचा नियम होता. त्यांना सगळं गाव मोठी माय म्हणायचं. लग्नानंतरच्या पहिल्या मंडईच्या आधी एक माणूस अंगणात येऊन बसला. उंच, काळा, मोठ्या हाडाचा. चार बांध्यांची शेती करायचा आणि हंगाम उरकला की तुमसरच्या राइस मिलमध्ये पोती उचलायचा. त्याने चहा घेतला. पावसाचं बोलला, किडीचं बोलला, आमच्या गाईची चौकशी केली. उठता उठता उंबऱ्याकडे पाहून म्हणाला, "मंग यंदा काय देऊन राहिल्या, मोठी माय?"

सासूबाई आत गेल्या आणि आपलं ठेवणीतलं नऊवारी लुगडं घेऊन आल्या. तो सुखदेव. दंडारीत बाईचं काम करायचा.

दंडारीतल्या बाईने स्वतःचं लुगडं घ्यायचं नाही, मागून न्यायचं, अशी रीत होती. आणि मागायलाही एक रीत होती. आधी चहा, मग शेतीवाडी, मग उठता उठता सहज. देणारीनेही लगेच आणायचं नाही, पहिल्यांदा म्हणायचं, आमच्याकडे काय आहे बाबा देण्यासारखं. तेव्हा गावात एका मोहल्ल्याचं पाणी दुसऱ्या मोहल्ल्याला न चालण्याचे दिवस पुरते सरले नव्हते. लुगडं मात्र चालायचं. मंडईच्या दिवशी सुखदेव पदर सावरत रिंगणात आला की बायकांची आधी कुजबुज व्हायची. हे कोणाचं? पाटलीणबाईचं. नाही गं, मोठ्या मायचं, काठ बघ. ज्या घरचं लुगडं असेल त्या घरची बाई त्या दिवशी जरा ताठ बसायची. सासूबाई तर दंडार बघायच्याच नाहीत, त्या आपल्या लुगड्याकडे बघायच्या. कुठे अडकतं, कुठे मळतं.

मी हे शहाणपणाने बघत होते, थोडं हसूनही. पण वर्षं जात गेली तसं माझ्या लक्षात येऊ लागलं की सुखदेवच्या अंगावर दर वर्षी जे असतं तेच पुढच्या वर्षी बायांच्या मनात असतं. एका वर्षी तो माझ्याकडे वळला. मी माझी फिकट निळी, बारीक काठाची सुती साडी काढली. त्याने ती हातात घेतली, उन्हात धरली आणि सासूबाईंना म्हणाला, "वहिनीचा लुगडा आजारी दिसते, मोठी माय." त्या वर्षी माझी साडी घरीच राहिली.

पुढे त्याने नऊवारी सोडून पाचवारी नेसायला घेतली, तेव्हा म्हाताऱ्या कुरकुरल्या. त्याच वर्षी दोन सुनांनी आपल्या सासवांना विचारलं की आता गावातसुद्धा पाचवारी चालते ना. त्यांना उत्तर द्यायची गरजच उरली नव्हती, सुखदेवने सगळ्यांसमोर ती नेसून दाखवली होती. मग नायलॉन आलं. शिक्षकाच्या बायकोची होती ती पहिली, जांभळी, पांढऱ्या ठिपक्यांची. उन्हात चमकायची, वाऱ्यावर उडायची आणि सुखदेवच्या रुंद खांद्यावरून सारखी घसरायची. ती घसरली की तो असा काही लाजायचा की सगळ्या बायका पदर तोंडावर घेऊन हसायच्या. त्या हिवाळ्यात धान विकायला तुमसरला गेलेल्या गाड्या परत आल्या तेव्हा त्यांत चमकणाऱ्या घड्या होत्या.

तुमसरच्या एका कापड दुकानदाराला हे कळायला वेळ लागला नाही. त्याने एका मंडईच्या आधी नवी कोरी साडी, घडीसकट, एसटीने पाठवून दिली. फुकट. फक्त नेसावी आणि कोणी विचारलं तर दुकानाचं नाव सांगावं. सुखदेवने ती दोन दिवस घरात ठेवली आणि परत पाठवली. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "नवी नेसली तं बाई नाही वाटत जी, दुकान वाटते." त्याला कोणाची तरी नेसलेली साडी हवी असायची, दोन-चार धुण्यांची, अंगाला सरावलेली. तो म्हणायचा, अशा साडीत चालणं आपोआप येतं.

इरा, तू विचारलंस की सगळ्या हेच नेसायच्या का. नेसायच्या, पण हौसेमागे काय काय होतं तेही ऐक. नायलॉन धुवायला सोपं, वाळायला सोपं, इस्त्री नको. ज्या बाईला शेतातून येऊन चूल पेटवायची असते तिला ही केवढी सुटका. शिवाय ते जवळजवळ फाटायचंच नाही. सुती लुगडं जुनं झालं की त्याची गोधडी व्हायची, बाळाची दुपटी व्हायची, शेवटी दिव्याची वात आणि भांड्यांचं फडकं. त्याला मरण होतं म्हणून त्याला पुढचे जन्मही होते. नायलॉनची गोधडी होत नाही, सुई घातली की सरकतं, ऊब धरत नाही. जवाहरनगरला दारावर एक बाई यायची, जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी द्यायची. आमच्या ओळीतल्या क्वार्टरमधून एकेक करून सुती साड्या तिच्या गाठोड्यात गेल्या आणि फळीवर स्टीलचे डबे उतरत्या क्रमाने उभे राहिले. मीही ठेवले. रांगेत ठेवलेली वस्तू मला आवडते, हे कबूल. पण पुढे थंडीत अंगावर घ्यायला घरात एकही गोधडी नाही हे लक्षात आलं तेव्हा आम्ही सगळ्याजणी बाजारातून ब्लँकेट आणायला निघालो होतो. आपण आधी काय दिलं म्हणून ते घ्यावं लागलं, हे कोणी बोललं नाही.

जवाहरनगर हे वेगळंच गाव होतं. भोंग्यावर चालणारं. फॅक्टरीच्या बसेस वेळेवर, क्वार्टर सारखी, कुंपणं सारखी, महिन्याच्या त्याच तारखेला सगळ्यांच्या हातात पगार. म्हणून तिथे कोणी काय नवीन आणलं हे लगेच दिसायचं. एकाच्या गच्चीवर अँटेना लागला की त्याच्या शेजारणीचा चेहरा महिनाभर वेगळा असायचा. रविवारी संध्याकाळी टीव्हीवर सिनेमा लागायचा तेव्हा आमच्या पुढच्या खोलीत सतरंजीवर माणसं मावायची नाहीत. त्या दिवसांत सुखदेवची मुलगी वनिता आमच्याकडे राहायला आली. मॅट्रिक झालेली, हाताची चांगली. वसाहतीत शिवणाचा वर्ग होता, तो तिला करायचा होता. सासूबाईंनी शब्द टाकला आणि ती वर्षभर आमच्या घरची होऊन राहिली.

वनिता चुणचुणीत होती. कोणत्या ब्लाऊजला कोणतं अस्तर, कोणत्या साडीवर कोणतं मॅचिंग, हे तिला बघता बघता कळायला लागलं. मॅचिंग हा शब्द तेव्हा नुकताच आला होता आणि तो घरात आला की काहीच कशाशी जुळत नाही असं वाटू लागायचं. एके दिवशी मला जाणवलं की ती गावाकडचं बोलणं आमच्यासमोर बोलत नाही, 'मले' म्हणता म्हणता थांबते आणि 'मला' म्हणते. तिला जे हवं होतं ते वाईट नव्हतं. तिला नळाचं पाणी हवं होतं, बसने येणारा-जाणारा नवरा हवा होता, आणि सगळ्यांसारखं दिसायचं होतं.

तो योगही आला. आमच्या शेजारच्या बाईंच्या ओळखीतला एक मुलगा फॅक्टरीत फिटर होता. वडील नव्हते, आई मोहाडीकडच्या गावात राहायची. मुलाने वनिताला शिवणवर्गाला जाता-येता पाहिलं होतं, नापसंतीचा प्रश्न नव्हता. त्याच्या आईने, अनसूयाबाईंनी, निरोप पाठवला की मंडईच्या दिवशी येतो, मुलगी बघतो, तुमचं घर बघतो, आणि पसंत पडलं तर तिथेच सुपारी फोडू.

निरोप आला त्या रात्री वनिता भांडी पुसत माझ्याजवळ उभी राहिली. बराच वेळ एकच वाटी पुसत होती. मग म्हणाली, "काकू, बाबा दंडारीत नाचतात ते तिकडे सांगू नका." मी म्हटलं, मला अजून कोणी विचारलेलं नाही. तिला एवढं पुरलं नाही. ती म्हणाली की फॅक्टरीतले लोक हसतील, तो कोणाला काय सांगेल, सासरा लुगडं नेसतो म्हणून. ती रडली नाही. वाटी फळीवर ठेवून तिने दुसरी पुसायला घेतली.

गावी आलो. मंडई आठवड्यावर आली. सुखदेव नेहमीप्रमाणे अंगणात आला, चहा घेतला, पावसाचं आणि किडीचं बोलला, गाईची चौकशी केली. उठला. उंबऱ्याकडे न बघता जाऊ लागला. सासूबाईंनी आतून लुगडं काढून पाटावर ठेवलेलंच होतं. त्यांनी विचारलं, "काहून रे, यंदा काही मागत नाहीस?"

तो थांबला. म्हणाला, "यंदा पावने येऊन राहिले, मोठी माय. पावन्यायसमोर बाप बापासारखाच दिसला पाहिजे."

त्याला हे कोणी सांगितलं नव्हतं. वनिताने वर्गात शिकून पहिलाच पुरुषी कपडा शिवला होता, वडिलांसाठी टेरेलिनचा पांढरा शर्ट, ताठ कॉलरचा, खिशावर टीप मारलेला. घरी आल्यावर तिने तो त्याच्या हातात दिला आणि सांगितलं की मंडईच्या दिवशी घालायचा. एवढंच. शर्ट फार सुंदर शिवला होता. सुखदेवला त्या शर्टातून सगळं कळलं. मुलीने प्रेमाने दिलेल्या वस्तूला नाही कसं म्हणणार? आणि ती कशासाठी दिली आहे हे समजलं नाही असं तरी कसं दाखवणार?

मंडईचा दिवस उजाडला. त्या वर्षी गावात व्हिडिओ आला होता. शाळेच्या मोठ्या खोलीला काळे पडदे लावले होते, मागे जनरेटर धडधडत होता आणि दारात तिकीट होतं. तरुण मुलं सकाळपासून तिथेच घुटमळत होती. बायकांना आत जायला मनाई होती असं नाही, पण अंधाऱ्या खोलीत पुरुषांच्या गर्दीत कोण जाणार? त्या नेहमीच्या जागी, रिंगणाच्या पुढच्या बाजूला, पोतं अंथरून बसल्या. दुपारी पाहुणे आले. मुलाने हात जोडून नमस्कार केला आणि थोड्या वेळाने मित्रांबरोबर व्हिडिओकडे गेला. अनसूयाबाई आमच्याजवळ बसल्या. बुटक्या, गोऱ्या, तोंडात सुपारी, सगळीकडे चौकस नजर. सुखदेव लांब पुरुषांमध्ये उभा राहून पाहुण्यांना पान देत होता. टेरेलिनच्या शर्टात तो सभेला आलेल्या माणसासारखा दिसत होता, हात कुठे ठेवावे हे न कळणारा.

दंडार सुरू झाली. बाईच्या कामाला नव्याच एका तरुणाला उभं केलं होतं. त्याने सिनेमातल्यासारखे केस पुढे ओढले होते, डोळ्यांवर काळा चष्मा चढवला होता आणि कंबर हलवत होता. पोरं शिट्ट्या मारत होती. बायका गप्प होत्या. अनसूयाबाईंनी दोनदा सुपारी चघळायची थांबवली, पुन्हा सुरू केली. शेवटी सासूबाईंना म्हणाल्या, "तो लुगड्यावाला कुठं गेला वो? तो उंचापुरा?"

सासूबाईंनी विचारलं की तुम्ही त्याला कधी पाहिलं.

अनसूयाबाई सांगू लागल्या. त्यांची मोठी बहीण याच गावात दिली होती, आता हयात नव्हती. नवीन लग्न झाल्यापासून त्या तिच्याकडे मंडईला यायच्या, त्याच माणसाला बघायला. त्यांचे मालक वारले त्या वर्षी त्या बसल्या जागेवरून उठायच्याही नाहीत, तेव्हा बहिणीने त्यांना ओढत इथे आणलं होतं. "त्या दिवशी तो नवऱ्याशी भांडला अन् मी हासली. सहा महिन्यानं हासली," त्या म्हणाल्या. "म्हनून तं मी पोराले सांगितलं, मंडईच्याच दिवशी जाऊ. पोरगी बी पाहू, त्याले बी पाहू."

वनिता चहाचे कप घेऊन माझ्या मागेच उभी होती, आणि तिने हे ऐकलं होतं. सासूबाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. पान देणाऱ्या माणसाकडे बोट दाखवून शांतपणे म्हणाल्या, "तो पाहा. तोच तुमचा होनारा इवाई."

इवाई म्हणजे व्याही. अनसूयाबाईंनी पान देणाऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "मंग त्या कमिजात काहून उभा आहे तो?"

वनिताने कप खाली ठेवले. त्यातला एक आडवा झाला, चहा पोत्यावर सांडला, तिकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. ती गर्दीतून सरळ वडिलांकडे गेली. ती त्याला काय म्हणाली हे मला माहीत नाही, ते तिने मला कधीच सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दोघं आमच्या घराकडे गेली, आणि मागोमाग मी ओसरीवर पोचले तेव्हा आठवडाभर पाटावरच राहिलेलं सासूबाईंचं लुगडं उचललेलं होतं. ब्लाऊज शोधायला वेळ नव्हता. सुखदेव शर्टावरूनच नेसत होता. तो नेहमी एकटाच नेसायचा, कोणाला जवळ येऊ द्यायचा नाही. त्या दिवशी वनिता खाली बसून निऱ्या धरत होती. तिने निऱ्या सारख्या केल्या, बोटाने दाबल्या, पुन्हा मोडून पुन्हा केल्या. मग वर न बघता म्हणाली, "बाबा, कॉलर दिसून राहिली."

तो म्हणाला, "दिसू दे, माय. चांगली शिवली आहे."

तो रिंगणात आला तेव्हा निम्मी गर्दी ओसरली होती. व्हिडिओचा दुसरा खेळ सुरू झाला होता, तरुण आत गेले होते. उरल्या होत्या बायका, म्हातारे आणि मांडीवरची मुलं. ठेवणीतल्या लुगड्यावर ताठ पांढरी कॉलर. बायकांनी बघितलं आणि हसण्याची एक लाट उठली, पण ती चेष्टेची नव्हती. सुखदेवने कॉलरला हात लावला, लाजला, आणि जवळच्या म्हातारीला विचारलं की तिने आपल्या नवऱ्याला कुठे पाहिलं का. मग स्वतःच सांगू लागला. घरात धड बायको आहे, भाकर भाजते, भारे उचलते, तिला कोणी बघत नाही, आणि बुढा तिकीट काढून अंधारात दुसऱ्याची बायको पाहाले गेला. ती बी काचेतली. हात लावला तं करंट मारंल. असं बराच वेळ चाललं. ढोलकीवाला वाजवायचं विसरला. अनसूयाबाईंनी सुपारी थुंकून टाकली आणि डोळ्यांना पदर लावून हसत राहिल्या. हसण्याचा आवाज एवढा झाला की शाळेच्या खोलीचा काळा पडदा बाजूला झाला आणि काही मुलं बाहेर डोकावली. त्यांत तो फिटर मुलगाही होता. तो गर्दीतून आईजवळ आला आणि रिंगणाकडे बघत हळूच विचारलं की हा कोण.

"तुझा सासरा होय," अनसूयाबाई म्हणाल्या. "बस खाली."

तो बसला. पडद्यातून डोकावलेले बाकीचे मिनिटभर बघून पुन्हा आत गेले.

लग्न पुढच्याच उन्हाळ्यात झालं, चांगलं झालं. पण इथेच थांबले तर गोड गोष्ट सांगितल्यासारखं होईल आणि मला तसं करायचं नाही. त्या मंडईनंतर सुखदेव पुन्हा दंडारीत उभा राहिला नाही. कोणी अडवलं नाही. कोणी बोलावलंच नाही. पुढच्या वर्षी गावाने वर्गणी केली ती सगळी व्हिडिओला गेली. त्याच्या पुढच्या वर्षी दंडारीची मुलं जमली नाहीत. नंतर घरोघर टीव्ही आले, मग व्हिडिओही गेला. तो केव्हा गेला हेही कोणाच्या लक्षात नाही. मी बघितलं आहे, एक गोष्ट दुसरीला मारते तेव्हा आवाज होत नाही. फक्त पुढच्या वर्षी कोणी चहाला येत नाही.

सुखदेव रविवारी वनिताच्या क्वार्टरमध्ये यायचा. टीव्हीसमोर अगदी मागे बसायचा, बाहेरून आलेल्या माणसांना पुढची जागा देऊन. एकदा मी तिथे गेले होते. सिनेमा संपत आला होता, नायिका रडत होती, खोलीभर सगळे गप्प. मी सहज विचारलं, कसं काय वाटतं, आवडतो का सिनेमा? तो जरा विचार करून म्हणाला, "चांगलं करते थे. पन थे मले पाहत नाही, वहिनी. दंडारीत कोन हासली, कोन रडली, मले दिसत होतं."

थे म्हणजे ती, पडद्यावरची नायिका. तेव्हा मला वाटलं, हा म्हाताऱ्या माणसाचा हट्ट आहे. आता मी त्याच्याहून म्हातारी झाले आहे आणि रोज संध्याकाळी अशा एका पडद्यासमोर बसते जो मला बघत नाही. तुमचे चेहरे त्यात येतात तेव्हा तुम्ही बघता, ते खरं. मग आवाज तुटतो, चित्र थांबतं, आणि इराचं तोंड अर्धं उघडं राहतं.

पुष्कळदा मनात येतं की त्या वर्षांत आम्ही नेमकं काय विकत घेत होतो. साडी, डबे, अँटेना, शर्टाचं कापड, हे तर दिसतं. माझ्या मते आम्ही कोणाकडे काही मागायला न लागणं विकत घेत होतो. ते चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. मागायला लागणं किती कडू असतं हे ज्यांना आयुष्यभर मागावं लागलं त्यांना विचारावं. सगळ्यांच्या कपाटात आपापली साडी आली, हे चांगलंच झालं. फक्त मंडईच्या दिवशी, हे कोणाचं गं, असं विचारायला काही उरलं नाही. सगळं ज्याचं त्याचं होतं. वनिताला हे सांगितलं की ती हसते. म्हणते, काकू, तुम्हाला आधी आमच्या घरात राहून डोक्यावर पाणी भरावं लागलं असतं तर तुम्ही असं बोलला नसता. तिचंही बरोबर आहे. या वयात मला दोन्ही बाजू बरोबर दिसतात, आणि माझा थकवा बहुधा तोच आहे.

इरा, तू ती साडी खुशाल नेस. तुला ती छान दिसते, आणि तुझ्या खांद्यावरून ती घसरतही नाही. तुझ्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर एवढंच आहे की सगळ्या ती नेसायच्या, पण आधी सगळ्यांनी ती एका माणसाच्या अंगावर पाहिली होती.

सुखदेव गेला, सासूबाई गेल्या, अनसूयाबाईही गेल्या. आपल्या गावची मंडई अजून भरते, शिंगाडे येतात, लेकी येतात. दंडार मात्र आपल्याकडे होत नाही. वरच्या अंगाला दोन गावांत अजून होते. तिथे बाईचं काम करणारा माणूस साडी विकत घेत नाही, मागून नेतो.